सामनेवाली क्रमांक दोन

मी आयुष्यात कधी स्टिअरिंगला हात लावलेला नाही. स्कूटी शिकायला एकदा बसलेले, तर ब्रेक दाबायच्या ऐवजी मी नुसती ओरडले आणि शिकवणारीनेच मागून उडी मारली. त्या दिवशी तो नाद सोडला. तरीही ठाण्याच्या कोर्टातून एक दिवस जाडजूड पाकीट आलं आणि त्यात, अपघाताच्या दाव्यात, माझं पूर्ण नाव, वय आणि पत्ता छापलेला. सामनेवाला क्रमांक एक म्हणजे ड्रायव्हर. सामनेवाली क्रमांक दोन म्हणजे मी. तीन नंबरला विमा कंपनी. माझ्या नावापुढे लिहिलेलं, ‘वाहनाची मालक’. ते वाचून मला आधी राग आला आणि मग, खोटं कशाला बोलू, थोडं बरंही वाटलं. तोवर मला मालक असं कोणी म्हटलेलंच नव्हतं.

म्हणजे कागदावर मी मालक होतेच. आमचे हे खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. रिटायर झाल्यावर घरी बसवेना, म्हणून छोटा टेम्पो घ्यायचं ठरलं. कल्याणच्या मार्केटमधून माल उचलायचा आणि डोंबिवलीच्या दुकानांत पोचवायचा. मोठ्या नणंदबाई म्हणाल्या, गाडी बाईच्या नावावर घ्या, लाभते. यांची पूर्वीची रिक्षा यांच्या नावावर होती आणि ती तीनदा ठोकली होती, त्यामुळे यांनाही पटलं. शोरूममध्ये हार माझ्या गळ्यात, पेढ्यांचा बॉक्स माझ्या हातात, पुठ्ठ्याची ती मोठी किल्ली धरून फोटो माझा. फोटो झाला आणि खरी किल्ली यांच्या खिशात गेली.

पुढे टेम्पोचे टायर बदलले, हौद्याचा रंग बदलला, हॉर्नसुद्धा बदलला. मला कोणी विचारलं? एकदा मी म्हटलं, निळा रंग नको, मळका दिसतो. तर हे म्हणाले, तुला काय कळतंय त्यातलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो निळा. मी दोन दिवस भाजीत मीठ घातलं नाही.

माझा हक्क चालायचा तो फक्त दसऱ्याला. सकाळी टेम्पो धुवायचा, झेंडूचं तोरण बांधायचं, चाकाखाली लिंबू ठेवायचं, हे सगळे करतात. पण माझ्या माहेरी आणखी एक पद्धत होती. वडील कचेरीत कारकून. ते दसऱ्याला आपल्या टाकाची आणि दौतीची पूजा करायचे, शिवाय टेबलावरच्या कागदांनाही हळदीकुंकू लावायचे. म्हणायचे, आपण खातो ते कागदाचं. तीच सवय मी इकडे आणली. आरसीबुक, विम्याचा कागद, पीयूसी आणि ड्रायव्हरचं लायसन्स, सगळं ताटात घेऊन मी तीन मजले उतरायचे. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही. खाली एकेक कागद बघायचा, तारीख वाचायची, बोट लावायचं, परत ताटात. हे दर वर्षी कुरकुरायचे. “अगं, कागद खराब होतात.” मी म्हणायचे, “मालक कोण आहे?” त्यावर सगळे हसायचे, आणि हसून झालं की मालक वर जाऊन पुऱ्या तळायची.

आमचा ड्रायव्हर खडवलीचा. सरळ माणूस, बायको, दोन मुली, थोडी शेती. यांनी त्याला ठेवला तो ओळखीतून, कोणाच्या तरी मेव्हण्याच्या शब्दावर. मला मात्र खात्री होईना. यांच्या आधीच्या ड्रायव्हरने खड्ड्यांत टेम्पो असा आपटलेला की टोमॅटोचा घरपोच रस झाला होता. म्हणून पहिल्याच दिवशी मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. गणपतीला जायचंय, टिटवाळ्याला ने म्हटलं. मांडीवर ताकाचं भांडं घेतलं होतं, वर नुसती ताटली. तो घाबरून विचारतो, “ताय, यो काय?” म्हटलं, तू चालव. टिटवाळ्यापर्यंत माझ्या साडीवर एक थेंब सांडला नाही. देवळाबाहेर बसून आम्ही दोघांनी ते ताक प्यायलं आणि मी यांना फोन करून सांगितलं, ठेवा याला.

तीन दसरे त्याने टेम्पो चालवला. चौथ्या दसऱ्याच्या चार दिवस आधी आमच्याच मागच्या गल्लीत घात झाला. गल्ली अरुंद, एका बाजूला हातगाडी. त्याने घाईत वळण घेतलं, आरशात नीट बघितलं नाही, आणि मागचं चाक एका बाईच्या पावलावरून गेलं. ती बाई म्हणजे माझी ब्लाउजवाली. तिचं दुकान त्याच गल्लीत, माझे ब्लाउज वीस वर्षं तीच शिवत आलेली. मी हॉस्पिटलात पळत गेले. ती खाटेवर, पाय उशीवर, तोंड पांढरं पडलेलं. मला बघून पहिलं वाक्य काय बोलली असेल? “काकू, तुमच्या ब्लाउजला हुक लावायचे राहिले.” तिच्या हातातल्या पिशवीत माझाच दसऱ्याचा ब्लाउज होता, आंब्याच्या रंगाचा. मी तिथेच खुर्चीत बसून रडले.

पावलाची हाडं मोडलेली. एक ऑपरेशन झालं, पट्टी घातली, पण घोटा वाकेना. डॉक्टर म्हणाले, दुसरं ऑपरेशन लागेल, चांगल्या ठिकाणी, आणि मग व्यायाम. तिची पायमशीन. पाय चालला तर दुकान चालणार. एका पायाने तिने प्रयत्न केला, तर टाके असे वेडेवाकडे पडले की तिनेच ते कापड कोपऱ्यात भिरकावलं. नवरा नाही, सासू म्हातारी. त्या दुसऱ्या ऑपरेशनवर तिचं सगळं अडलं होतं. मी रोज डबा पाठवत होते. आणि महिन्याभरात ते पाकीट आलं.

माझं डोकंच फिरलं. मी डबा पाठवायचा आणि हिने माझ्यावर केस टाकायची? तडक तिच्याकडे गेले. ती म्हणाली, “काकू, वकील म्हणाले मालकाचं नाव घालावंच लागतं. नाहीतर कंपनी दारातही उभं करत नाही.” मी म्हटलं, छान, घाल नाव, माझ्या सासूचंही घाल. आणि दोन महिने अबोला. मी तोऱ्यात रेडिमेड ब्लाउज आणले. काखेत असे काचायचे की रांगोळी काढताना हात पुढे नेता येईना. डबा मात्र जायचा, तो हे घेऊन जायचे. राग माझा तिच्यावर होता, तिच्या सासूने काय केलं होतं.

शेवटी आमच्या वकीलबाईंनी मला समजावलं. मुलगी माझ्या सुनेच्या वयाची, पण बोलणं स्वच्छ. म्हणाली, “काकू, ड्रायव्हर तुमच्या कामावर होता. कामावर असताना त्याने चूक केली की कायद्याने ती मालकाचीही चूक. तुम्ही त्या वेळी घरी पोळ्या लाटत होतात, तरी.”

“हे कुठलं शास्त्र?”

“आणि तुमच्या वतीने भरपाई द्यायला म्हणूनच विमा असतो. त्या बाईंनी तुमच्यावर राग म्हणून नाव घातलेलं नाही. तुमच्या नावातून कंपनीपर्यंतचा रस्ता जातो.”

ते मला पटलं. मी उठले, तिच्याकडे गेले आणि म्हटलं, उद्यापासून डबा मी आणणार. ती म्हणाली, “काकू, आधी तो रेडिमेड काढून टाका, बघवत नाही.” तिने बसल्या बसल्या हाताने उसवून तो ढिला करून दिला.

पण कंपनी काही सरळ नव्हती. त्यांनी आरटीओतून माहिती काढली आणि आमच्या ड्रायव्हरचं लायसन्स बोगस निघालं. त्या नंबरावर भलताच कोणीतरी माणूस. ड्रायव्हर आमच्या दारात येऊन भिंतीला टेकून बसला. एजंटने त्याला बनवलेलं. फोटो काढला, सही घेतली, टेस्टही घेतल्यासारखी केली, कार्ड हातात दिलं. “ताय, मना तं खराच वाटला,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याला चहा दिला आणि नंतर चांगलं झापलं. त्याच क्रमाने, कारण उलट केलं असतं तर तो चहा न घेताच गेला असता.

आता कंपनीचं म्हणणं असं, की मालकाने बोगस लायसन्सवाल्याच्या हातात गाडी दिली, अट मोडली, आमचा संबंध नाही. कंपनी सुटली तर भरपाई आमच्यावर. टेम्पो विकून, पेन्शनमधून, थोडी थोडी करून आम्ही ती कधी देणार आणि तिचं ऑपरेशन कधी होणार? तोवर घोटा कायमचा धरला असता.

वकीलबाई म्हणाल्या, “कोर्ट एवढंच बघतं, की मालकाने आपल्या परीने खात्री केली होती का. आरटीओत जाऊन नंबर ताडून बघायची अपेक्षा तुमच्याकडून नसते. पण लायसन्स डोळ्यांनी बघितलेलं का? त्याला चालवता येतं हे बघितलेलं का?”

मी यांच्याकडे बघितलं. हे पंख्याकडे बघायला लागले.

“मी बघितलंय,” मी म्हटलं. “दर दसऱ्याला.” आणि पूजेचं सगळं सांगितलं. वकीलबाई हसल्या. “काकू, पूजा म्हणजे खात्री नव्हे. कोर्टात हे काढू नका, लोक हसतील. आपण शपथपत्रात लिहू, लायसन्स पाहिले होते. बाकी विचारतील तेवढंच बोला.” मला ते काही आवडलं नाही, पण हो म्हटलं.

साक्षीच्या दिवशी यांनीच टेम्पो काढला. ड्रायव्हर आधीच पुढे गेला होता. ब्लाउजवालीला एवढ्या लांब कुबडी घेऊन कशी पाठवणार, म्हणून तिलाही आमच्यातच घेतलं. पुढच्या सीटवर हे, मी आणि दाराशी ती, पाय लांब करून. दावा लावणारी आणि जिच्यावर लावला ती, दोघी एकाच टेम्पोत, मध्ये पोह्यांचा डबा. आणि टेम्पोही तोच. वकीलबाईंचा फोन आला तेव्हा मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “काकू, कृपा करून गेटच्या आत एकत्र येऊ नका.” मग तिला खोपटला उतरवलं. डेपोसमोर यांचे जुने दोस्त होतेच, त्यांनी तिला रिक्षात बसवून दिलं. ती आमच्या आधी पोचली आणि आम्हाला बघून अनोळखी असल्यासारखी मान वळवून बसली. तिच्या ओठाला पोह्यातली कोथिंबीर चिकटलेली मला दिसत होती.

कंपनीचे वकील उंच, चष्मा नाकावर, आवाज गोड. गोड आवाजाची मला आधीपासून धास्ती वाटते. त्यांनी मला विचारलं, क्लच कुठे असतो. मी म्हटलं, माहीत नाही. टेम्पोचा रंग कोणी ठरवला? मी म्हटलं, माझ्या मनाविरुद्ध यांनी. टायर कोण बदलतं? हे. ड्रायव्हरला कामावर कोणी आणलं? हे. माझ्या लक्षात येत होतं की माणूस मला हळूहळू मालकीण या जागेवरून खाली उतरवतोय, आणि चीड अशी येत होती की त्यातलं एकही खोटं नव्हतं.

मग त्यांनी फाईल उघडली. “पोलिसांच्या पंचनाम्यात लिहिलंय, लायसन्सवर फोटोच्या जागी लालसर पिवळा डाग आहे. फोटोवर डाग म्हणजे काहीतरी फेरफार, कोणालाही शंका आली असती. तुम्ही हे कार्ड एकदा जरी हातात घेतलं असतंत तर हा डाग दिसला असता. म्हणजे तुम्ही ते कधी पाहिलंच नाही. बरोबर?”

मी वकीलबाईंकडे बघितलं. त्यांनी मान खाली घातली होती. मनात म्हटलं, हसू देत लोक.

“डाग दिसला काय विचारताय,” मी म्हटलं, “तो डाग मीच पाडलाय.”

न्यायाधीश साहेबांनी लिहिता लिहिता वर बघितलं. “म्हणजे?”

मग मी सगळं सांगितलं. वडिलांची कचेरी, कागदांची पूजा, ताट, तीन मजले. “साहेब, मी प्रत्येक कागद वाचून तारीख बघते आणि मग बोट लावते. ह्याच्या फोटोत मी कपाळ शोधून बरोबर कपाळावर लावायचे, पुरुष माणूस आहे म्हणून टिळ्यासारखं उभं. आधी हळद, मग कुंकू. तीन दसरे, तीन वेळा. न बघता कपाळ कसं सापडेल?”

साहेबांनी ते कार्ड मागवून घेतलं. खिडकीकडे धरून बघितलं. मी म्हटलं, “आणि विम्याचा कागद बघा. त्यालाही आहे. वरच्या कोपऱ्यात.” आमच्या वकीलबाईंनी मूळ पॉलिसी जोडलेली, ती निघाली. वरच्या कोपऱ्यात, कंपनीच्या छापील नावाच्या बरोबर शेजारी, तसंच पिवळं बोट आणि त्यावर कुंकू. साहेबांनी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि कंपनीच्या वकिलांना म्हणाले, “तुमचीही पूजा झालेली दिसते.”

मागे कोणीतरी खुदकन हसलं. कंपनीच्या वकिलांनी चष्मा पुसला. मग शेवटचा प्रयत्न म्हणून विचारलं, “पण त्याला गाडी चालवता येते याची खात्री तुम्ही कशी करणार? तुम्हाला तर क्लच माहीत नाही.”

“ताकावरून,” मी म्हटलं. आणि टिटवाळ्याची गोष्ट सांगितली. साहेबांनी ती लिहून घेताना टायपिस्टला दोनदा सांगितलं, ‘ताक सांडले नाही’. ते वाक्य आमच्या साक्षीत आजही आहे. मागच्या बाकावर ड्रायव्हर डोळे पुसत होता. बाहेर आल्यावर वकीलबाईंनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “काकू, मी चुकले. पुढच्या दसऱ्याला माझी सनद घेऊन येते.”

निकाल काही महिन्यांनी लागला. चूक ड्रायव्हरची, जबाबदारी मालकाचीही, पण मालकाने आपल्या परीने खात्री केली होती, म्हणून भरपाई कंपनीने द्यायची. मी तो इंग्रजी कागद मुलाकडून दोनदा वाचून घेतला. मला मालक मानणारं जगात कोणी निघालं तर ते कोर्ट, हे मी यांना त्या आठवड्यात बरेचदा ऐकवलं. रविवारी सकाळी यांनी रंगाचं कार्ड माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाले, “बघ, कुठला लावायचा.” मी पांढरा सांगितला. पांढरा लवकर मळतो, पण ते मी बोलले नाही.

ब्लाउजवालीचं ऑपरेशन झालं. मग व्यायाम. रोज गरम पाण्यात पाय, मग भिंतीला धरून टाच उचलायची. सुरुवातीला ती मला शिव्या घालायची, कारण मोजायला मी बसायचे. तिच्याकडे मीच जायचे, तिने माझ्याकडे यायचा प्रश्नच नव्हता. अपघातापासून ती आमचा जिना एकदाही चढली नव्हती.

ड्रायव्हरने खडवलीहून रोज येऊन रीतसर शिकाऊ लायसन्स काढलं, मग पक्कं. पक्कं कार्ड आल्यावर मुलाने मोबाइलवर नंबर टाकून मला दाखवलं, नाव खरं, फोटो खरा. आता मी तेही करते. शिकले.

दसऱ्याच्या सकाळी मी ताट मांडत होते. खाली यांनी टेम्पो धुऊन ठेवला होता, पांढराशुभ्र. बेल वाजली. मला वाटलं, झेंडूवाला असेल. दार उघडलं तर ब्लाउजवाली. कठड्याला धरून, धापा टाकत, कपाळावर घाम, कुबडी कुठेच नाही. हातात तीच पिशवी.

“अगं, मी खालीच येत होते की. तीन मजले कशाला चढलीस?”

“चढता येतंय म्हणून,” ती म्हणाली.

मी ताट खाली ठेवलं. तिला आत ओढली आणि खुर्चीवर बसवली. तिने पिशवीतून तो आंब्याच्या रंगाचा ब्लाउज काढला, सगळे हुक लावलेला. मशीनवर पहिलं काम तेच केलं होतं म्हणाली. मी आत जाऊन घातला तर तो बाहीत अडला. तेवढ्या काळात मी अंगाने सुटले होते. ती पाण्याचा घोट घेत हसली आणि म्हणाली, उसवायला कात्री द्या काकू, शिवणीत आत कापड सोडलेलं आहे.